व्याही शर्यतीत आहेत

३ तारीख, मंगळवार

ही वही खरं म्हणजे डोळ्याच्या थेंबांसाठी आणली. डॉक्टरबाई म्हणाल्या, वेळा लिहून ठेवा. वेळा मी कागदावर लिहून कपाटाला चिकटवल्या आणि वही कोरीच राहिली. पैसे मोजून आणलेली वस्तू वाया घालवणं माझ्या रक्तात नाही, म्हणून लिहायला बसले.

आज ह्यांना घरी आणलं. उजव्या डोळ्याचा पडदा सरकला होता, तो बसवलाय. आत वायूचा बुडबुडा सोडलाय, तो पडद्याला दाबून धरणार. बुडबुडा जागेवर राहावा म्हणून माणसाने रात्रंदिवस पालथं पडायचं, मान खाली. चहासुद्धा नळीने. डावा डोळा लहानपणापासून नावालाच आहे, त्यामुळे सगळी मदार ह्या एकावर. हा आला तर आला, नाहीतर काय, ते मी इथे लिहिणार नाही.

डॉक्टरबाईंनी विमानात बसू नका असंही बजावलं, बुडबुडा फुगतो म्हणे. हे पालथे पडल्या पडल्या म्हणाले, "अगं, आपली तिकिटं रद्द कर." जन्मात विमान आतून पाहिलेलं नाही आम्ही. हसताना त्यांची पाठ हलली, तर मी ओरडले. आता हसायलाही बंदी.

४ तारीख, बुधवार

दिवाणखान्यात दिवाण खिडकीशी ओढून घेतलाय. भाऊजींनी, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांनी, तोंडाला मोकळी जागा राहील अशी गोल गादी शिवून आणली. त्यात ह्यांचा चेहरा. मला दिवसभर फक्त डोक्यामागचं टक्कल दिसतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्या टकलावर एक तीळ आहे हे आज कळलं.

संध्याकाळी सातला 'जमिनीवरून' लागलं. गेल्या आठवड्यात सुरू झालंय. जोड्या-जोड्यांनी अर्धं जग ओलांडायचं, विमान नाही, फोन नाही, पाठीवर एक पिशवी. शेवटून पहिला येईल तो घरी. त्यांची भाषा आपल्याला ओ की ठो कळत नाही, खाली अक्षरं येतात ती वाचायची. आता हे कसं बघणार? म्हणाले, "तू बघ. मला सांग."

आता ह्यांना सांगणं म्हणजे सोपं काम नव्हे. रंगाच्या दुकानात रंग मिसळण्यात हयात गेली ह्यांची. मी म्हटलं, आभाळ निळं आहे. तर म्हणे, "कसलं निळं? पांढरं किती घातलंय?" मी म्हटलं, आभाळवाल्याला विचारते.

माझं मत विचाराल तर कार्यक्रम बरा आहे पण माणसं वेडी आहेत. आज डोंगराच्या कुशीत एक गाव दाखवलं, घरांच्या पायऱ्यांवर मांजरं झोपलेली, धुकं दारातून आत जातंय, बाहेर येतंय, जसं त्याचंच घर. आणि ह्या जोड्या त्यातून बसस्टॉप बसस्टॉप करत धावतायत! एकानेही मान वळवली नाही. मी असते तर तिथेच पिशवी टाकली असती.

६ तारीख, शुक्रवार

सगळ्यांना नावं ठेवून झाली. कुस्तीगीर भाऊ, दोघांच्या मिळून चार भुवया पण डोकं अर्धंच. लाडोबा आणि त्याची नवी नवरी, सतत हातात हात, त्यामुळे जिन्यावर अडकतात. जुळ्या बहिणी, त्या हसल्या की काच तडकेल. आणि दोन म्हातारे व्याही. लंबूची मुलगी गोलूच्या मुलाला दिलेली. लंबू मितभाषी, गोलूचं तोंड बंद होत नाही. ह्यांचा जीव जडलाय त्या दोघांवर.

"का हो, त्यांच्यात काय एवढं?"

"अगं, व्याही आहेत. भांडता येत नाही आणि सोडूनही जाता येत नाही. अशा माणसांनी जिंकायला पाहिजे."

मग म्हणाले, "पैज लावतो. व्याही शेवटपर्यंत पोचले तर माझा डोळा येणार."

मी म्हटलं, भलतंसलतं बोलू नका. पण बरं वाटलं. ऑपरेशनच्या आधीपासून ह्या माणसाने डोळ्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. आशा धरली म्हणजे अर्धं काम झालं. मीही म्हटलं, लागली पैज.

९ तारीख, सोमवार

व्याही गेले.

काय सांगू! नदीच्या धक्क्यावर लंबूला झोप लागली आणि गोलूने त्याला उठवलं नाही. "दमलाय बिचारा," अशी अक्षरं आली खाली. बोट निघून गेली, दोघं धक्क्यावर. मूर्ख! मुलाच्या सासऱ्याला एक कोपरखळी मारता येत नाही तुला?

जोडी बाहेर गेली की एक रडकं वाद्य वाजतं. ते वाजलं तशी ह्यांची पाठ ताठ झाली. "कोण गेलं गं?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "जुळ्या."

"आणि आपले व्याही?"

"आहेत की. दुसऱ्या क्रमांकावर."

"तुझा आवाज बसलाय का?"

"ठसका लागला."

व्याही राहिले, बरं झालं म्हणाले. मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून उभी राहिले. खोटं बोलले. पण काय करणार होते? त्या माणसाचा सगळा धीर दोन म्हाताऱ्यांच्या पिशवीत बांधलेला, आणि मी सांगू की पिशवी नदीत पडली?

१० तारीख, मंगळवार

आता रोज दोन कार्यक्रम चालवावे लागणार. एक पडद्यावरचा, एक माझा.

आज माझ्या व्याह्यांनी मिठाचं वाळवंट ओलांडलं. खरं तर ओलांडलं कुस्तीगिरांनी, मी त्यांच्या जागी व्याही बसवले. मध्येच जुळ्या खिदळल्या. मेल्या नेमक्या आजच! हे म्हणाले, "ह्या कोण हसतायत?"

"नवीन आल्यात. पाहुण्या."

"आवाज ओळखीचा वाटतो."

"सगळ्या तरुण मुली अशाच हसतात."

"हो का," म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "टीव्हीचा आवाज बंदच करून टाक ना. नाहीतरी भाषा कळत नाही. तूच बोल." सुटले बाई! देवच पावला.

१२ तारीख, गुरुवार

दुपारी हे झोपले की घर एकदम सावकाश होतं. पंखा, पडद्यामागून येणारं ऊन, ह्यांचा श्वास गादीच्या भोकातून खाली जातो तो आवाज. मी शेजारी बसून संध्याकाळची तयारी करते. शाळेत निबंधात कायम नापास होणारी मी!

माझी नोकरी बसस्थानकावरच्या सापडलेल्या वस्तूंच्या खोलीत. लोक बसमध्ये छत्र्या, टिफिन, चपलेचा एक पाय, एकदा तर कवळी विसरून गेले. सगळी माणसं कुठूनतरी येतात, कुठेतरी जातात, आणि मी मधल्या खोलीत त्यांच्या छत्र्यांना चिठ्ठ्या लावत बसते. सध्या रजेवर आहे. पण आज व्याही कुठे झोपतील ह्याचा विचार करता करता ती खोलीच डोळ्यांसमोर आली, फक्त खूप मोठी.

संध्याकाळी सांगितलं ते असं. व्याही एका स्टेशनात पोचतात. तिथे जगातल्या सगळ्या विसरलेल्या छत्र्या छताला उघड्या टांगलेल्या. वारा आला की त्या हळूहळू फिरतात. खाली बाकावर लंबू आणि गोलू पाठीला पाठ लावून बसलेत. रुळांवर पाणी साचलंय आणि त्यात चंद्र आहे, त्यामुळे गाडी येते ती चंद्र मोडून येते आणि गेली की तो पुन्हा जुळतो. गोलू म्हणतो, व्याहीबुवा, आपण कुठे चाललोय हो? लंबू म्हणतो, माहीत नाही, पण तुम्ही बोलत राहा.

मी थांबले. मलाच पुढचं सुचेना.

हे गादीतून म्हणाले, "मग त्यांना बाकाखाली कुणाची तरी बॅग सापडते का?"

"हो! तुम्हाला कसं कळलं?"

"अंदाज."

मग सुचलं सगळं. बॅगेवर पत्ता आहे, गाव उलट्या दिशेला. लंबू म्हणतो, शर्यत गेली खड्ड्यात, माणूस बॅगेची वाट बघत असेल. आणि दोघं उलटे निघतात, एका सरोवरावरून, होडीतून. आभाळ सगळं खाली पाण्यात उतरलेलं, वल्हं मारलं की ढग सरकतात. होडीवाली म्हातारी डोळे मिटून वल्हवते. गोलू घाबरतो, अहो आजी, बघा तरी! ती म्हणते, मला पाण्याचा आवाज येतोय ना, बास.

"अगं, पण अशाने ते हरतील," हे म्हणाले.

"हरेनात का! ह्या कार्यक्रमाचं हेच मला पटत नाही. कुणीतरी एकदा तरी कुणासाठी थांबलेलं दाखवा."

ह्यांनी गादीत तोंड नीट बसवलं. मग म्हणाले, "ती म्हातारी परत सांग."

१३ तारीख, शुक्रवार

रंगाच्या दुकानाचे मालक भेटायला आले. मी चहा टाकायला आत गेले तर बाहेर कुजबुज. चहा घेऊन आले तेव्हा मालक रुमालाने नाक पुसत होते. सर्दी झालीये म्हणे. मला म्हणाले, "वहिनी, काळजी करू नका. ह्यांची जागा कुठे जात नाही. फोनवर बसवू. गिऱ्हाईक फोनवर विचारतंच, कुठला रंग कुठल्याबरोबर जाईल."

माझं डोकंच फिरलं. दुकानात ह्यांच्या हातच्या रंगासाठी लोक लांबून येतात, आणि हा ह्यांना टेलिफोनवर बसवणार! ते गेल्यावर मी म्हटलं, "तुम्ही एक शब्द बोलला नाहीत? आजारपणाचा फायदा घेतोय तो."

"जाऊ दे गं. चांगला माणूस आहे."

हा ह्यांचा चांगुलपणा आम्हाला एक दिवस रस्त्यावर आणणार आहे.

१५ तारीख, रविवार

व्याह्यांनी बॅग पोचवली. बॅग कुणाची निघाली ते ठरायचंय. लाडोबा आणि नवरी बाहेर गेले, जिन्यावरच. मला वाईट वाटलं नाही.

१६ तारीख, सोमवार

पालथं पडून पडून माणूस चमत्कारिक वागायला लागतो. सकाळी मला म्हणाले, साखरेच्या डब्याला रबरबँड लाव. म्हटलं, कशाला? "विरंगुळा." लावलं. दुपारी बघते तर शर्टाची बटणं काढतायत, घालतायत, काढतायत, घालतायत. लहान मूल बरं.

मी ओला टॉवेल घेऊन दारात उभी होते, चपला न घालता, आवाज न करता. तर म्हणाले, "टॉवेल पिळून घे, थेंब पडतायत."

"तुम्ही मान वर केलीत!"

"नाही गं, शपथ."

"मग दिसलं कसं?"

"ऐकू आलं."

मी चांगलं झापलं. डॉक्टरबाईंनी इतकं बजावलंय आणि हे चोरून बघतात! भाऊजी तिथेच बसले होते. ते उठून खिडकीशी गेले आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. ऑपरेशनच्या दिवशी मी औषधाच्या दुकानात गेले होते तेव्हापासून हा मुलगा माझ्याकडे धड बघत नाही. मुलगा म्हणते मी, पन्नाशीला आला तो. काहीतरी घरगुती बिनसलं असणार. जाऊबाईंना विचारायला हवं.

पण मनातून मी खूश आहे. चोरून का होईना, ह्यांना टॉवेल दिसला!

१७ तारीख, मंगळवार

उद्या तपासणी. बुडबुडा विरत आलाय, उद्या सरळ बसायला मिळेल. आणि उद्याच शर्यतीचा शेवट. म्हणजे उद्या सात वाजता हे टीव्हीसमोर ताठ बसणार, आणि पडद्यावर व्याही नाहीत. मी काय सांगू? केबल गेली? टीव्ही बिघडला? पण खरं सांगते, डोळा आला असेल तर मला शंभर शिव्या घालू देत. मी हसत ऐकेन.

आज व्याह्यांना शेवटचा मुक्काम दिला. समुद्रकाठी एक गाव, तिथे सगळी घरं होड्या उलट्या घालून केलेली. रात्री भरती आली की घरं जराशी हलतात आणि गावातल्या सगळ्यांना एकच स्वप्न पडतं. व्याह्यांनाही पडलं. लंबू सकाळी विचारतो, काय पाहिलंत? गोलू म्हणतो, तुम्हीच सांगा, तुम्हीही तिथेच होतात की.

ह्यांनी हात मागे करून माझा हात शोधला. पहिल्याच फटक्यात सापडला.

१८ तारीख, बुधवार

सकाळपासूनचं सगळं लिहिते, नाहीतर छाती फुटेल.

डॉक्टरबाईंनी बराच वेळ बॅटरी मारून बघितलं. मग खुर्ची मागे सरकवली. पडदा जागेवर बसलाय, म्हणाल्या, पण त्याच्या मधल्या भागातली नजर परतली नाही. उजेड कळेल. समोर कुणी उभं आहे एवढं कळेल. अक्षरं, रंग, चेहरे, नाही.

मी म्हटलं, "दुसरं ऑपरेशन?"

"उपयोग नाही. शक्यता कमी आहे हे मी आधीच सांगितलं होतं ह्यांना."

ह्यांना! मी ह्यांच्याकडे बघितलं. हे खुर्चीत सरळ बसलेले, गालांवर गादीचे वळ, हात मांडीवर. त्यांना नवीन काहीच कळलं नव्हतं. भाऊजी दाराशी, मान खाली. तेव्हा एकेक करून सगळं माझ्या टाळक्यात शिरलं. मालकांची सर्दी. रबरबँड. बटणं. मी एवढी हुशार, जगाला नावं ठेवते, आणि माझ्या घरात दिवसाढवळ्या माणूस आंधळेपणाची तालीम करत होता तर मी त्याला झापत होते.

दवाखान्यातून चालत निघालो. त्यांचा हात माझ्या कोपराला. मी भडकले होते. रस्त्यातच सुरू केलं, लोक बघत होते, बघू देत.

"माझ्यापासून लपवलंत! भावाला सांगितलंत, दुकानदाराला सांगितलंत, आणि मी कोण? परकी?"

"तू व्याही नाही का लपवलेस?"

मी जागच्या जागी उभी राहिले. ते दोन पावलं पुढे गेले, मग हात मोकळा लागला तसे थांबले.

"कधीपासून माहीत होतं?"

"ते रडकं वाजलं आणि तुला ठसका लागला, तेव्हापासून."

"मग बोलला का नाहीत? एवढे दिवस मला मूर्खासारखं बडबडू दिलंत!"

"आधी मला वाटलं, माझ्यासाठी करतेयस तर करू दे. मग ती होडीवाली म्हातारी आली. ती मला दिसली गं. टीव्हीत नव्हतीच ती, तरी दिसली. तेव्हा पहिल्यांदा वाटलं, जमेल. मला जमेल हे."

"आणि पैज? व्याही पोचले तर डोळा येईल, हे तुम्हीच म्हणालात ना? तेव्हा तर तुम्हाला ठाऊक होतं!"

"ठाऊक होतं. तुझं तोंड उतरलं होतं. तुला धरायला काहीतरी पाहिजे होतं म्हणून बोललो."

अहो, म्हणजे ती आशा माझ्यासाठी होती! आणि मी ती त्यांची समजून दिवसेंदिवस फुंकर घालत बसले. मला रडू फुटलं, भर रस्त्यात, हमसून हमसून. त्यांनी खिशात रुमाल चाचपला, मग शर्टाची बाही पुढे केली. मी तीच वापरली.

"मला भीती वाटतेय," मी म्हटलं.

"मलाही. फार."

एवढं बोलून दोघांनाही जरा हलकं वाटलं. मग घरी आलो. त्यांनी स्वतः कुलूप उघडलं, किल्ली दोनदा चुकली, मी मदत केली नाही.

सात वाजता ते म्हणाले, "लाव. आज शेवट ना?"

"आता कशाला?"

"लाव तर. पण एक सांगतो. आजपासून जे असेल तेच सांगायचं. कंटाळवाणं असलं तरी. रस्त्यात खड्डा असेल आणि तू मला सरोवर सांगितलंस तर माझे दात जातील."

मी हसले, रडले, टीव्ही लावला. ते सरळ बसले होते, पडद्याकडे तोंड करून. त्यांना नुसता उजेड हलताना कळत होता. मी खरं खरं सांगत गेले. कुस्तीगीर गल्ली चुकले. जुळ्या पुढे गेल्या आणि जिंकल्या.

"ह्या त्याच ना, ज्या पहिल्यांदा बाहेर गेल्या होत्या?"

"गप्प बसा."

शेवटच्या रेषेवर बाहेर गेलेल्या सगळ्या जोड्या जमल्या होत्या. जुळ्यांवर कागदी फुलं उडत होती, सगळे ओरडत होते, आणि मला कडेला, गर्दीच्या मागे ते दिसले. माझ्या तोंडून 'अगंबाई' निघालं.

"काय गं? काय झालं?"

"व्याही आहेत."

"खरंच?"

"तुमची शपथ. कोपऱ्यात उभे आहेत. बॅगबिग काही नाही. गोलूला समोरचं दिसत नाहीये, पुढे उंच माणसं आहेत. लंबू वाकून त्याच्या कानात सांगतोय."

"काय सांगतोय?"

"अक्षरं आली नाहीत. माहीत नाही."

त्यांनी मान हलवली. हात माझ्या हातावर होता. "बरं. गोलूने काय घातलंय?"

"हिरवा शर्ट."

"कसला हिरवा?"

मी पडद्याजवळ जाऊन बसले. खूप निरखून बघितलं. "मला नाही सांगता येत हो," मी म्हटलं. "खरंच नाही येत."

"येईल," ते म्हणाले. "बघून घे नीट. मी थांबतो."